शेवटचा हात क्लोरीनचा

डेअरीत तिला सगळे विरजणबाई म्हणत. नोकरीची पहिली चार वर्षं तिनं क्लोरीनच्या पाण्यानं दुधाच्या किटल्या धुतल्या आणि पुढची पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत दह्याचं विरजण जिवंत ठेवलं. सकाळी साडेसहाला आठ हजार लिटर दुधाच्या टाकीत तिनं वाढवलेलं विरजण पडे आणि साडेअकराच्या आत दूध घट्ट झालेलं असे. इतक्या वर्षांत तिला शत्रू होता तो एकच. त्याचं नाव फेज.

फेज म्हणजे जीवाणूंना खाऊन जगणारा विषाणू. माणसाच्या तो वाटेला जात नाही. एकेका जातीचा फेज एकेका जातीच्या जीवाणूवरच तुटून पडतो, त्याच्या पोटात शिरून एकाचे शंभर होतो आणि त्याला फोडून बाहेर पडतो. दह्याच्या जीवाणूंमागे लागला, तर संध्याकाळ झाली तरी दूध दूधच राहतं. तिच्या नोकरीच्या दहाव्या वर्षी असं लागोपाठ तीन दिवस झालं. चोवीस हजार लिटर दूध गटारात गेलं, व्यवस्थापकानं महिनाभर तिच्याशी धड बोलणं टाकलं, आणि तिनं एक नियम घालून दिला. टाकी असो, किटली असो की चमचा, आधी घासायचं, मग उकळत्या पाण्यातून काढायचं आणि सगळ्यात शेवटी क्लोरीनच्या पाण्यातून. त्यानंतर साधं पाणी लावायचं नाही, फडकं लावायचं नाही, ओलंच वापरायचं. क्लोरीनपुढे फेज मिनिटभरही तग धरत नाही, आणि भांड्याला राहिलेले चार थेंब हजारो लिटर दुधात कुठल्या कुठे जिरून जातात.

"शेवटचा हात क्लोरीनचा," हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की तिच्या निरोपाच्या कार्यक्रमात नव्या मुलींनी तेच वाक्य एका सुरात म्हणून दाखवलं. सगळे हसले. ती हसली नाही. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते तिला कळलं नाही.

तिचा धाकटा भाऊ फरश्या बसवायचा. पन्नास वर्षांचा झाला, मिशा पिकल्या, तरी तिच्या तोंडी तो बाळ्याच राहिला, आणि त्याच्या तोंडी ती ताई. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ती एकोणीस. त्याच महिन्यात ती डेअरीत लागली. तिचं लग्न राहून गेलं. त्यानं केलं नाही. एका बाईची बोलणी पुरतात, दुसरीची कुठे ऐकत बसू, असं तो येईल-जाईल त्याला सांगे. दोघं एकाच घरात राहत. घरातली फरशी त्यानंच बसवलेली होती, आणि एकही सांधा केसभर वाकडा नव्हता.

फरशीवाल्याचा दिवस गुडघ्यावर जातो. सोळा महिन्यांपूर्वी काम करताना फरशीची एक कपची पँट फाडून बाळ्याच्या उजव्या गुडघ्यात घुसली. त्यानं ती उपटून काढली, वर फडकं गुंडाळलं आणि खोली पुरी करूनच उठला. पाचव्या दिवशी गुडघा टरबुजासारखा सुजला. पू काढला, औषधं झाली, जखम मिटली आणि महिन्याभरात पुन्हा फुटली. असं तीनदा झालं. आतला जीवाणू स्टॅफ नावाचा होता. हा एरवी माणसाच्या कातडीवर गुपचूप बसून असतो. पण बाळ्याच्या गुडघ्यातला सगळी औषधं कोळून प्यालेला निघाला. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की हाडापर्यंत पोचायला त्याला फार दिवस लागणार नाहीत, आणि पोचला तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.

तेव्हा जंतुसंसर्गाच्या डॉक्टरीणबाईंनी फेजचं नाव काढलं. त्या वयानं लहान होत्या, ताईला मावशी म्हणत. त्यांनी समजावून सांगितलं, की याच स्टॅफला खाणारा फेज शोधून तो जखमेत सोडता येतो. सरकारी परवानगी काढावी लागेल, खात्री कुणीच देणार नाही, पण बाकी दारं बंद झाली आहेत.  ताई म्हणाली, "डॉक्टर, मी त्याला एकोणचाळीस वर्षं दाराबाहेर ठेवलाय."

बाळ्या मात्र खूश झाला. ज्यांच्यावर ताईनं जन्मभर डोळा ठेवला तेच आता आपल्या गुडघ्याची राखण करणार, म्हणजे चोरालाच पहारेकरी नेमल्यासारखं झालं, असं त्यानं परिचारिकेला सांगितलं. आणि ताईला वेगळं सांगितलं, की सोळा महिने झाले, आता भूत आणून बसवलंस तरी चालेल.

फेज शोधायचं काम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एक संशोधक करायचा. बोलायला लाजणारा, खांदे पाडून चालणारा माणूस. बाळ्यानं त्याचं नाव फेजवाला ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. त्यानं इस्पितळाच्या सांडपाण्यातून सात फेज काढून बघितले. त्यातला एक लागू पडला. तो दाखवायला त्यानं ताईला बोलावलं. काचेच्या बशीत बाळ्याच्या गुडघ्यातला स्टॅफ दुधाच्या सायीसारखा पसरून वाढला होता, आणि त्या सायीत जागोजागी टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडली होती. फेजनं खाल्लेली जागा. अशी भोकं ताईनं आयुष्यात पाच-सहा वेळा बघितली होती आणि प्रत्येक वेळी बशी तिथल्या तिथे उकळत्या पाण्यात टाकली होती. या वेळी तिनं बशी उजेडाकडे धरली, भोकं मोजली, त्रेसष्ट भरली. ती म्हणाली, "कडा छान आल्यात." फेजवाला कानापर्यंत लाल झाला. त्याच्या भोकांचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

दोन आठवड्यांच्या अठ्ठावीस बाटल्या मिळाल्या, दिवसाला दोन. औषध घरीच लावायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी पद्धत समजावली. जखम फक्त मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुवायची. बाटली वाटीत ओतायची, जाळीच्या कापडाची घडी त्यात पाच मिनिटं भिजवायची, चिमट्यानं उचलून जखमेत ठेवायची आणि वर कोरडी पट्टी. जखमेला जंतुनाशक म्हणून काहीही लावायचं नाही, फेजही मरतील. एवढं सांगून त्या थांबल्या आणि हसल्या. "भांडी स्वच्छ ठेवा, हे तुम्हाला मी काय सांगणार, मावशी?"

ताईनं सगळं सांगितलं तसंच केलं. सकाळी सात, संध्याकाळी पाच. बाटल्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, दाराकडे नाही, कारण दाराकडचं तापमान हलतं. भिंतीवर तक्ता लावला: वेळ, ताप, पुवाचा रंग, पट्टी किती भिजली. जखमेला जंतुनाशकाचा वाराही लागू दिला नाही. बाळ्या पाय उशीवर टाकून तिची लगबग बघत पडे आणि म्हणे, की दही लावतेयस की पट्टी, एवढं तरी सांग.

पहिल्या आठवड्यात पू कमी व्हायला हवा होता. झाला नाही. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जखमेतला नमुना घेतला. दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या सावकाश, शब्द निवडून बोलत होत्या. नमुन्यातला स्टॅफ बशीत अजूनही फेजला बळी पडत होता, म्हणजे फेज बरोबर निवडला होता. पण जखमेत फेज सापडलेच नव्हते. एकही नाही. खायला अन्न असताना ते वाढायला हवेत, हजारोंनी सापडायला हवेत. ते तिथे का टिकत नाहीत, ते कळत नव्हतं. आणि गुडघ्याच्या नव्या फोटोत हाडाची कड धूसर दिसू लागली होती. परवा सकाळी दहाला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना भेटायचं होतं, पायाचं ठरवायला. मागून फेजवाल्याचा आवाज ऐकू आला, "जणू काही टाकलेच नाहीत."

तो हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. पण ताईनं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. बाळ्यानं खोदून खोदून काढून घेतलं आणि भडकला. फेजवाल्याला म्हणावं, इथे येऊन बस, माझी ताई घड्याळाचा काटा बघून औषध लावते, तिच्या हातून एक थेंब सांडत नाही.  मग पायाचं ऐकल्यावर म्हणाला, की एक गुडघा राहिला तरी निम्मी खोली बसवता येईल. ताई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागली.

दुसऱ्या दिवशी, अकराव्या, संध्याकाळी पाच वाजता तिनं बाविसावी बाटली उघडली. घडी भिजवली, चिमट्यानं उचलली, जखमेत ठेवली. बाळ्यानं डोळे मिटून घेतले होते. ती दुखत असेल म्हणून थांबली.

"दुखत नाही गं," तो म्हणाला. "खरं सांगू? ही पट्टी लावतेस तेवढंच बरं वाटतं. वास येतो ना तिला."

"कसला वास?"

"तुझा. डेअरीतून यायचीस तेव्हा यायचा तो."

आणि डोळे मिटलेलेच ठेवून तो सांगत राहिला. शाळेतून आल्यावर आतून कडी लावून बसायचं अशी तिची ताकीद असे. साडेपाचला ती येई. कडी काढून तो पुन्हा दाराकडे पाठ करून गणितं करायला बसे, आपण वाट बघत नव्हतो असं दाखवायला. पण ती आत शिरली की आधी तो वास यायचा, आणि मग त्याला पाठ फिरवून बसणं जमायचं नाही. "मी म्हणायचो, आलीस का गं डेअरीतून? आठवतं? तोच वास. पहिल्या दिवसापासून येतोय. म्हटलं, सांगितलं तर चिडवशील."

ताईच्या हातात कोरडी पट्टी तशीच राहिली. डेअरीतून येणाऱ्या तिच्या अंगाला दुधाचा वास कधीच नव्हता. तो क्लोरीनचा होता.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात निळ्या टबमध्ये क्लोरीनचं पाणी होतं, रोज सकाळी ताजं केलेलं. औषधाची वाटी आणि चिमटा दिवसभर त्यातच असत. वापरायच्या वेळी ती वाटी उचलायची, एकदा झटकायची आणि ओलीच वापरायची. साधं पाणी नाही, फडकं नाही. इतक्या वर्षांत हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. खालच्या खणात डेअरीतून आणलेल्या क्लोरीन तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या. तिनं दुसरी एक वाटी टबमधून काढली, नेहमीसारखी झटकली, तळाशी राहिलेल्या थेंबांत कागद टेकवला. कागद बघता बघता गडद जांभळा झाला.

आठ हजार लिटर दुधात ते थेंब कुठल्या कुठे गेले असते. इथे औषध होतं दोन चमचे.

ती तिथेच स्टुलावर बसली. जखमेला जंतुनाशक लावू नका म्हटलं होतं. तिनं लावलं नव्हतं. तिनं फेज वाटीतच मारले होते, पाच पाच मिनिटं बुडवून, बावीस वेळा, आणि बावीस वेळा तक्त्यावर वेळ लिहिली होती. हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. उद्यापासून वाटी उकळून वापरली असती तर गोष्ट तिच्यापाशीच राहिली असती. पण उद्या दहा वाजता फेज निकामी ठरले म्हणून एका पायाचा निर्णय व्हायचा होता.

ती बाहेर आली आणि तिनं बाळ्याला उभ्या उभ्याच सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. बाळ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग छताकडे बघत म्हणाला, "तुला ते टेकडीवरचं घर आठवतं? डॉक्टरांचं? न्हाणीघर केलं होतं मी."

तिला आठवत नव्हतं.

"कसं आठवेल, सांगितलंच नव्हतं. उतार उलटा बसवला मी. पाणी जाळीकडे न जाता दिवाणखान्यात. एकूण एक सांधा सरळ, काम बघत राहावं असं, आणि उतार उलटा. वीस वर्षं काम केल्यावर."

"मग?"

"मग काय. उखडली आणि परत बसवली." तो तिच्याकडे वळला. "रडू नकोस गं. पट्टी सोड आधी ही, खारं पाणी आण, नवी बाटली काढ. आणि हो, वास येणार नाही अशी लाव."

तिनं वाटी आणि चिमटा वीस मिनिटं उकळले, झाकून गार केले. ओतताना तिचा डावा हात दोनदा निळ्या टबकडे गेला. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून तिनं टब मोरीत उपडा केला. क्लोरीनचा कॅन बाळ्यानं मागून घेतला आणि आपल्या खाटेखाली सरकवला. आता हिंमत असेल तर घेऊन दाखव, म्हणाला.

सकाळी ती दवाखान्यात साडेआठलाच पोचली. पिशवीतून तिनं वाटी, चिमटा, जांभळा कागद आणि भिंतीवरचा तक्ता काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओळीनं मांडला.

"फेज मी मारले," ती म्हणाली.

तिनं पहिल्या बाटलीपासून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वाटी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खाली ठेवली. "मी विचारायला हवं होतं, भांडी कशानं धुता. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. तुम्ही आहात म्हणून विचारलं नाही."

फेजवाल्याला बोलावून घेतलं. तो धावत आला, वाटी बघितली आणि त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की ताईला क्षणभर रागच आला. दोन दिवस तो आपल्या फेजमध्ये खोट शोधत होता. त्यांच्यात खोट नव्हती. मग त्याला आपण कुणासमोर उभे आहोत याचं भान आलं आणि तो चष्मा पुसू लागला. त्यानं जाताना ताईला एवढंच विचारलं, की क्लोरीनचं प्रमाण ती किती ठेवते. तिनं आकडा सांगितला. तो म्हणाला, "बाई, यातून काहीच वाचलं नसतं," आणि ते कौतुकासारखंच ऐकू आलं.

दहा वाजता शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी तिघांचं ऐकलं. त्यांनी पाय काढायच्या संमतीचा कागद फाडला नाही, खणात ठेवला. दहा दिवस दिले. ताप चढला किंवा सूज मांडीकडे सरकली तर त्याच दिवशी भरती, हेही बजावलं. फेजवाला नव्या बाटल्या तीन दिवसांत द्यायला कबूल झाला. जुन्या पाच उरल्या होत्या, त्या तेवढ्याला कशाबशा पुरवल्या. एक संध्याकाळ रिकामी गेली.

ते दिवस ताईला जड गेले. उकळलेली वाटी तिला स्वच्छ वाटेना. ती वाटीकडे बघत उभी राही, आणि आतून बाळ्या ओरडे, "कॅन माझ्याकडे आहे." तिसऱ्या दिवशी काही बदल नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी पट्टी काढताना ती कमी चिकटली. पाचव्या दिवशी तिनं तक्त्यावर पुवाच्या रंगापुढे 'पातळ, फिका' असं लिहिलं, मग आपण मनाचं तर लिहीत नाही ना, म्हणून खिडकीशी जाऊन पट्टी पुन्हा बघितली. फिकाच होता. सहाव्या दिवशी नमुना गेला. आठव्या दिवशी फेजवाल्याचा स्वतःचा फोन आला. हा माणूस फोनवर बोलतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"बाई, बशी बघितली. मोजता येत नाहीत."

"काय मोजता येत नाहीत?"

"भोकं. एकमेकांत मिसळलीत. सगळी बशीच स्वच्छ झालीय."

ताईनं फोन बाळ्याच्या हातात दिला आणि त्याच्या खाटेच्या कडेवर बसली. तो काय बोलत होता ते तिनं ऐकलं नाही. पांघरुणावरून तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला. लहानपणी झोपला आहे का ते बघायला ठेवायची तसा.

दहाव्या दिवशी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी जखमेत सळई घालून खोली मोजली, नवा फोटो जुन्याशेजारी धरला आणि पुढच्या महिन्यात या म्हणाले. संमतीचा कागद खणातच राहिला. फेज आणखी पाच आठवडे चालले, जोडीला एक जुनं औषध, जे आता पुन्हा थोडं लागू पडू लागलं होतं. जखम तळापासून भरत आली. गुडघा पूर्ण वाकणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. बाळ्यानं त्यावर विचार करून ठेवला होता: तो आता उभा राहून सांगणार, आणि दुसरे वाकणार. इतक्या वर्षांनी मुकादम व्हायला हरकत नव्हती.

शेवटची पट्टी एका सकाळी निघाली आणि तिच्याखाली नवी, गुलाबी, कागदासारखी कातडी दिसली. ताईनं तक्त्यावर तारीख लिहिली, खाली रेघ ओढली. बाळ्यानं खाटेखालून कॅन काढून तिच्यापुढे सरकवला. ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली. सव्वा महिन्यापेक्षा जास्त दिवस तिनं ओटा मनासारखा पुसला नव्हता. तिनं टब भरला, बाह्या सारल्या आणि ओटा, मोरी, फरशी, सगळ्यावरून शेवटचा हात फिरवला. फरशी पुसत पुसत ती मागे सरकत दारापर्यंत आली.

बाहेरच्या खोलीत बाळ्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला नाही.

"आलीस का गं डेअरीतून?" त्यानं विचारलं.

"आले," ती म्हणाली.